वारा आला, जावईबापू

वाऱ्यात मोटारसायकल हलू नये म्हणून मी एकदा पेट्रोलच्या टाकीवर पंचवीस किलो तांदळाचं पोतं बांधलं होतं. मागच्या सीटवर सासरे बसलेले होते, आणि ते आजारी होते.

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये हा किस्सा मी पुष्कळदा सांगितलाय. 'पंचवीस किलो' म्हणायच्या आधी जरा थांबायचं, चहाचा घोट घ्यायचा, मग म्हणायचं, हे माझं ठरलेलं आहे. लोक टेबलावर हात आपटून हसतात. सासरे आजारी होते, एवढं मात्र मी तिथे गाळतो. ते सांगितलं की हशा मध्येच तुटतो आणि जो तो आपापल्या डब्याकडे बघायला लागतो.

यंदाही आषाढ लागला आणि वारा सुरू झाला. नाशकात आषाढातला पाऊस तसा हात राखूनच पडतो. ढग सगळं पाणी घोटी-इगतपुरीकडे ओतून येतात आणि आमच्या डोक्यावरून रिकाम्या हातांनी पळत सुटतात. आमच्या वाट्याला उरतो तो वारा. आठ-आठ दिवस, न थकता. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचा एक सुटा पत्रा धाडधाड वाजतो. दोरीवरचे कपडे वाळायच्या आधीच पिळवटून गाठी होऊन बसतात. देवळालीच्या लष्करी सरावातल्या तोफांचा आवाज एखाद्या दिवशी अगदी कानाशी येतो, एखाद्या दिवशी वारा तो भलतीकडेच घेऊन जातो. अंबडला आमच्या कारखान्याच्या पार्किंगमध्ये दुचाक्या साइड स्टँडवर तिरक्या उभ्या असतात. एक पडली की तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी. मग वॉचमन दारातून ओरडतो, "ओ शेठ, तुमची गाडी झोपली!" मी उठवायला जातो. हँडल हातात येतं, वारा कानात शिरतो, आणि मानेमागून कुणीतरी "आला, जावईबापू" म्हणेल असं उगाचच वाटतं.

कुणी म्हणत नाही. सहा वर्षं झाली.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचो. घोटीपासून आत चारेक किलोमीटरवर त्यांचं गाव, थोडी भातशेती. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारलेल्या. घरात मामा आणि त्यांची धाकटी बहीण, हिराआत्या. आत्याबाई बोलायला तिखट. मामा बोलायचेच नाहीत. माझ्याशी तर त्याहून नाही, कारण मी जावई. अंबडच्या कारखान्यात लेथवर उभा राहणारा मी साधा टर्नर, पण मामांच्या ओट्यावर पाय ठेवला की मी 'जावईबापू' व्हायचो. लगेच सतरंजी यायची, तांब्या यायचा. मी खुर्चीवर बसलो की मामा खाली बसायचे. मी अवघडून खाली सरकलो की ते उठून उभे राहायचे. बारा वर्षांत आम्ही दोघं एका पातळीवर बसलो ते फक्त मोटारसायकलच्या सीटवर.

त्या वर्षी ज्येष्ठात मामांच्या पोटात गाठ निघाली. नाशिकच्या एका दवाखान्यात आठवड्यातून एकदा सलाईन लावायची, अशी आठ वेळा, असं डॉक्टर म्हणाले. नंतर बघू, असंही म्हणाले. 'नंतर बघू' म्हणताना ते कागदाकडे बघत होते.

माझी मोटारसायकल तेव्हा दोन महिन्यांची होती. पहिल्याच सुट्टीच्या सकाळी मी ती चकचकीत पुसून मामांच्या दारात नेऊन उभी केली. हिराआत्या आतून म्हणाल्या, "जीप सांगू का शेजारची?" मी मामांकडे पाहिलं. मामांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मला एकट्याला ऐकू येईल असं म्हणाले, "जीप नको. बंद गाडीत मळमळतं मला. फटफटीच बरी. वारा लागतो."

घरी आल्यावर बायको, उज्ज्वला, माझ्यावर तुटून पडली. "आबांना आजारपणात मोटारसायकलवर आणलंत?"

"त्यांनाच हवी होती," मी म्हणालो. खरंच होतं ते. मी ते वाक्य त्या दिवसापासून खिशात घालून फिरतोय.

आता मागे बसण्याची गोष्ट. वाऱ्यात मागच्या माणसानं पुढच्याला चिकटून बसावं, त्याच्याबरोबर कलावं, दोघांचं मिळून एकच अंग व्हावं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी उपयोग नव्हता. मामा सीटच्या पार टोकाला, पाठ ताठ करून, दोन्ही हात मागे नेऊन लोखंडी दांडी धरून बसायचे. टोपीवरून हेल्मेट. आमच्या दोघांमध्ये आणखी एक माणूस बसेल एवढी जागा.

"मामा, मला धरून बसा."

"बसलोय की."

"कमरेला धरा. वारा आहे."

"हां, हां," म्हणायचे, आणि हात दांडीवरच. जावयाच्या अंगाला हात लावायचा? सासऱ्यानं? पडलेलं परवडलं. ती मधली जागा वारा आपली समजायचा. त्यातून आरपार जाताना तो मामांना एकीकडे ढकलायचा आणि मला दुसरीकडे.

पहिल्या खेपेला मी आणखी एक शहाणपणा केला होता. अंगात घालायला घोंगडीसारखा सैल रेनकोट घेतला होता, स्वस्तात मिळाला म्हणून. घोटी सोडून हमरस्त्याला लागलो, मागून डाव्या अंगानं वारा आला आणि तो रेनकोट टम्म फुगून मागे उलटला. मला वाटलं, फाटला असेल. गाडी एवढी भरकटत होती की मागे बघायची सोयच नव्हती. वाडीवऱ्ह्याला थांबून पाहतो तर मामा हेल्मेटसकट माझ्या रेनकोटच्या आत. तिथपर्यंतचा सगळा प्रवास त्यांनी तसाच केला होता.

"अहो, हाक नाही का मारायची?"

"चालवत होते ना तुम्ही," मामा म्हणाले.

दुसऱ्या खेपेपर्यंत मी रेनकोट बदलला, स्वतःला बदललं नाही. वारा आला की मी हँडल आवळून धरायचो. दात, खांदे, कोपरं, सगळं आवळलेलं. माणूस जितका आवळतो तितकी गाडी थरथरते, कारण वाऱ्याचा प्रत्येक धक्का ताठ हातांतून सरळ चाकात उतरतो. हे मला, एका टर्नरला, कळायला हवं होतं. कळलं मामांना, ज्यांनी जन्मात सायकलसुद्धा चालवली नव्हती. चहाला थांबलो तेव्हा माझ्या वळलेल्या मुठींकडे बघत ते म्हणाले, "तुम्ही भात कधी उपणलाय का?"

"नाही."

"उपणताना सूप आवळून धरलं की दाणा आन् फोल दोन्ही खाली एकाच ठिकानी पडतं. हात सैल पायजे. वाऱ्याला त्याचं काम करू द्यायचं, आपन आपलं करायचं."

एवढं लांब वाक्य ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले. मग लाजल्यासारखे बशीत बघत राहिले.

मी कोपरं सैल सोडली. गुडघ्यांनी टाकी धरली, हातांनी हँडल नुसतं सोबतीला घेतलं. वेग कमी केला, इतका की मागून येणारे टेम्पोवाले हॉर्न मारून माझ्या सात पिढ्यांची चौकशी करायचे. पण गाडी शांत झाली. अजून एक अडचण होती. नाशिककडे येताना वारा मागून यायचा, डाव्या हातानं, आणि मला तो दिसायचा नाही. तेव्हा मामांनी ते सुरू केलं.

आवणीचे दिवस होते. हमरस्त्याच्या कडेनं चिखलात बायका ओळीनं वाकून भाताची रोपं लावत होत्या. लावून झालेल्या खाचरांत हिरव्या काड्या उभ्या. वारा आला की आधी त्या काड्या झुकायच्या. झुकणं शेतावरून पळत यायचं, बांधाशी यायचं, मग आमच्यापर्यंत. मामा मान वळवून ते बघत बसायचे. बांधाशी पोचलं की माझ्या मानेमागून म्हणायचे, "आला." मी डावीकडे किंचित कलायचो. झोत अंगावरून निघून जायचा. मामा म्हणायचे, "गेला." मी सरळ व्हायचो.

पाहुणा आल्या-गेल्याची वर्दी द्यावी तसे ते दोन शब्द. आला. गेला. मुंढेगावपासून विल्होळीपर्यंत आमच्यात तेवढंच बोलणं व्हायचं, आणि मी शपथेवर सांगतो, बारा वर्षांत आम्ही त्याहून जास्त कधी बोललो नव्हतो.

त्यातही मी एकदा माती खाल्लीच. एका कंटेनरच्या बाजूनं पुढे जात होतो. कंटेनर डावीकडे, म्हणजे वारा अडलेला. इतकं निवांत वाटलं की मी शीळ घालायला सुरुवात केली. कंटेनर संपला. मामा "आला" म्हणाले ते मला वाऱ्यानं दुभाजकाच्या अंगाला ढकलून दिल्यावर ऐकू आलं. दुभाजकाचे काळे-पिवळे पट्टे इतक्या जवळून मी कधी पाहिले नव्हते. पुढे जाऊन मी गाडी थांबवली. मामा म्हणाले, "आडोसा संपतो तिथंच वारा मोठा आसतो." मग हेल्मेटचा पट्टा चाचपत, "सगळीकडंच," असं म्हणाले.

परत गावी जाताना उलट असायचं. वारा समोरून, मला दिसणारा. मामांना वर्दी द्यायचं काम नसायचं. सलाईन लावून दमलेले असायचे. बाहीला दवाखान्याचा वास, दंडावर चिकटपट्टी. एकदा तिथल्या सिस्टरनं माझ्या हातातलं हेल्मेट पाहून विचारलं, "यांना तुम्ही याच्यावरून नेता?" मी म्हणालो, "त्यांना बंद गाडीत मळमळतं." ती मामांच्या बाहीची घडी नीट करत राहिली. परतीच्या वाटेवर मी आरशात बघायचो तर मामांचे डोळे मिटलेले आणि चेहऱ्यावर वारा. मला वाटायचं, बरं वाटतंय त्यांना. पोटात ती गाठ, जिभेवर औषधाची चव, अन्न नको झालेलं. निदान एवढा वारा तरी गोड लागतोय. ज्या वाऱ्याची मला भीती वाटायची, तोच या माणसाला थोडं सुख देतोय, असा विचार करत मी हळूहळू चालवायचो. कधी मुद्दामच आणखी हळू.

दवाखान्यात वजनकाटा होता. पण मला तो लागत नव्हता. मागच्या सीटवर माणूस बसला की गाडी पहिल्यांदा खाली दबते, तो दबाव पुढे बसणाऱ्याला मणक्यात कळतो. तिसऱ्या खेपेला मामा बसले तेव्हा ती थोडी कमी दबली. चौथ्या खेपेला मी विचारलं, "बसलात ना?" ते बसून बराच वेळ झालेला. आणि गाडी हलकी झाली की वाऱ्याला ती खेळणं वाटते. आधी ज्या झोतानं आम्ही वीतभर सरकायचो, त्यानं आता हातभर सरकायला लागलो. डॉक्टर उज्ज्वलाला सांगत होते की औषध लागू पडतंय का ते बघू. मला हँडल आधीच सांगून चुकलं होतं. मी ते घरात कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? गाडी जास्त हलते म्हणून?

सहाव्या खेपेच्या आदल्या दिवशी लेथवर उभा असताना माझ्या डोक्यात ती कल्पना आली. यंत्र थरथरायला लागलं की आम्ही त्याच्या बैठकीवर वजन ठेवतो. थरथर थांबते. इतकं सोपं. मामा हलके झालेत ना, मग ती कसर भरून काढायची. वीस वर्षं यंत्रांबरोबर काढली की माणसाला वाटायला लागतं, जगात जे जे थरथरतं त्यावर एक वजन ठेवलं की भागतं.

हिराआत्या दर खेपेला उज्ज्वलासाठी पाचेक किलो तांदूळ द्यायच्या. त्या सकाळी मी म्हणालो, "आज पंचवीस किलोचं पोतं द्या."

"येवढा भात खाता का तुम्ही?"

"पाहुणे येणार आहेत."

मामा ओट्यावर उभे राहून मला पोतं टाकीवर चढवताना, दोरीनं आवळताना बघत होते. मग ते मागे बसले. गाडी छान दबली. मला इतकं हायसं वाटलं की मी मागे वळून म्हणालो, "बघा मामा, आज हलणार नाही."

गावाचा रस्ता जिथे मोठ्या रस्त्याला मिळतो तिथे एक घट्ट वळण आहे. मी हँडल वळवलं. हँडल पोत्याला अडकलं. गाडीचा वेग तेव्हा चालणाऱ्या म्हशीइतका असेल. वारा तर नव्हताच. तरीही आम्ही, म्हणजे मी, गाडी आणि पोतं, डावीकडे सावकाश आडवे झालो. वर ठेवलेलं वजन गाडी स्थिर करत नाही, पाडतं, हे लेथवरच्या माणसाला जमिनीवर पडून समजलं. मामांनी पाय टेकवले होते. ते जागच्या जागी उभे. शेजारच्या खाचरात आवणीला वाकलेल्या बायका सरळ झाल्या. एक म्हणाली, "आगं बया, जावई पेरायला लागले!" सगळं खाचर हसलं.

पोतं उसवलं होतं. तांदूळ चिखलात पसरला होता. मी गाडीखालून पाय काढतोय तोवर मामा उकिडवे बसून तांदूळ गोळा करायला लागलेले. एकेक मूठ, फुंकर मारून, टोपीत.

"जाऊ द्या ना मामा. राहू द्या."

"भात हाय, जावईबापू."

त्यांची मनगटं मी तेव्हा नीट पाहिली. घड्याळ कोपराकडे सरकलेलं. गोळा करता करता त्यांचा हात थांबला. त्यांनी पोत्याकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं, आणि खाली बघतच विचारलं, "मी लय हलका झालो का?"

बायका हसायच्या थांबल्या होत्या. मी म्हणालो, "नाही, मामा. यंदा वाराच जास्त आहे."

"हां," मामा म्हणाले. "तसंच आसंल."

कॅन्टीनमध्ये मी किस्सा बायकांच्या हसण्यापाशी संपवतो.

सातवी खेप. श्रावण लागायला दोन दिवस होते. आधी लावलेला भात आता गुडघ्याएवढा, आणि वारा त्यावरून जाताना आवाज व्हायला लागला होता. वाडीवऱ्ह्याच्या पुढे मामा म्हणाले, "आला." मी डावीकडे कललो. झोत आला, अंगावरून गेला असावा. मी "गेला"ची वाट बघत तसाच कललेला. गाडी कडेला, पांढऱ्या पट्ट्याकडे सरकायला लागली. "गेला" काही येईना. मग माझ्या पाठीला काहीतरी टेकलं. हेल्मेट. मामांचं डोकं माझ्या पाठीवर आलं होतं. ती मधली जागा, बारा वर्षांची, संपली होती.

मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, दोन्ही पाय टेकवले. मागे वळलो नाही. वळलो असतो तर ते जागे झाले असते आणि शरमले असते. वारा गाडीला झुलवत होता आणि मी तिला पायांवर तोलून उभा होतो. पाठीवर श्वास कळत होता, म्हणून घाबरलो नाही. तसं बरं वाटत होतं, असंही म्हणता येईल. किती वेळ गेला ते माहीत नाही. पाठ हलकी झाली.

"थांबले का?" मामांचा आवाज.

"गाडी तापलीय जरा."

"हां. निवू द्या," ते म्हणाले, आणि मला दांडीवर त्यांचे हात परत गेल्याचा खडखड आवाज ऐकू आला.

आठव्या खेपेची गरज नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. श्रावणात, एका दुपारी, मी कामावर असताना उज्ज्वलाचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "आबा गेले." यंत्राच्या आवाजात मला त्यातला 'गेले' एवढाच शब्द नीट ऐकू आला.

तेव्हापासून वाऱ्याचे दिवस आले की मी गाडी चांगली चालवतो. कोपरं सैल, वेग कमी, कंटेनरपासून लांब, आडोसा संपायच्या आधी सावध. पाथर्डी फाट्याच्या उड्डाणपुलावर इमारती संपतात तिथे मी स्वतःशीच "आला" म्हणतो. हेल्मेटमध्ये स्वतःचा आवाज फार मोठा आणि मूर्ख वाटतो. दुःखाचं मला फारसं कळत नाही. पण आपण एखाद्याला आजारपणात निदान थोडा वारा घालू शकलो, हे मला सहा वर्षं पुरलंय. उज्ज्वला रडायची तेव्हाही मी तेच सांगायचो. "त्यांना बरं वाटायचं गं. बंद गाडीत मळमळायचं त्यांना."

गेल्या आठवड्यात हिराआत्यांना भेटायला गेलो. एकटाच, मोटारसायकलवर. रस्त्यानं वारा नुसता बेभान. आत्या आता पार वाकल्यात, कानानं कमी ऐकतात, जीभ तेवढी जशीच्या तशी. चहा दिला. ओट्यावर बसून खाचरांवरून पळणारा वारा बघत मी म्हणालो, "मामांना आवडायचं हे. मळमळ थांबायची वाऱ्यानं."

"कोनाची मळमळ?"

"मामांची. बंद गाडीत व्हायची ना."

"दादाला?" आत्यांनी कप खाली ठेवला. "एसटीनं कल्यानला जायचा तांदूळ घेऊन. कसाऱ्याच्या घाटात आख्खी गाडी ओकायची, आन् ह्यो खिडकी लावून भाकर खात बसायचा. त्याला कधी गाडी लागली नाय."

मी बशीत बघत राहिलो. त्यांना वाटलं, मला ऐकू गेलं नसावं, म्हणून त्या जास्तच मोठ्यानं बोलल्या.

"तुम्ही नवी फटफटी घेऊन दारात हुभे. तुम्ही गेल्यावर रातीला मी त्याला म्हनलं, दादा, जीप सांग, हाडं मोडतील. तर म्हनला, जावई हौसेनं येत्यात, त्यांच्या मनाला लागंल. येताना डोळं गच्च मिटून बसतो म्हनायचा, घर येईस्तवर. जावयाला नाय म्हनायची रीत नाय आपल्यात, म्हनून बसला. नायतर तुमच्या मागं बसंल कोन?"